अब्रूची पुंजी

फातेन हमामाच्या चित्रपटांची यादी वाचत गेलं की एक गोष्ट आधी डोळ्यांत भरते: या बाईनं पडद्यावर सोसलं फार. कपटी पाशा, खोटे साक्षीदार, अंथरुणाला खिळलेले नवरे, न फिटणारी कर्जं, नाहक बदनामी. इजिप्तच्या मेलोड्रामाच्या भात्यात जेवढे बाण होते ते सगळे तिच्यावर सोडून झाले, आणि बहुतेक वेळा ती त्यातून निष्कलंक बाहेर पडली. लोकांनी तिला ‘अरबी पडद्याची सय्यिदा’ म्हटलं. सय्यिदा म्हणजे जिचं नाव आदरानं घ्यावं अशी घरंदाज बाई. नटीचा पेशा म्हटल्यावर जिथं भल्या घरची माणसं भुवया उंचावत, तिथं हा मान लहान नव्हता. पण अशा मानाला कुंपण असतं. अब्रू पदरी पडली की ती सांभाळण्यातच माणसाचा वेळ जातो, आणि सांभाळत बसलेला कलावंत पुढंपुढं स्वतःचीच नक्कल करू लागतो. फातेनच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या कारकिर्दीकडे मी पुन्हापुन्हा वळतो तो या मुद्द्यापाशी. तिनं अब्रू जमवली, जपली, आणि मग हिमतीनं खर्चायला काढली. तीही अशा विषयांवर की दुसऱ्या कुणी ते मांडले असते तर प्रेक्षकांनी अर्ध्यातच कान मिटले असते.

जमवण्याची हकीकत थोडक्यात सांगता येईल. जन्म 1931 चा, तिच्या सांगण्याप्रमाणे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या मन्सूरा शहरातला. वडील शिक्षण खात्यात नोकरीला. मुलांच्या एका सौंदर्यस्पर्धेत पोरीला बक्षीस मिळालं आणि वडिलांनी तिचा फोटो दिग्दर्शक मोहम्मद करीमकडे धाडला. गायक मोहम्मद अब्देल वहाबच्या नव्या चित्रपटासाठी करीम एका लहान मुलीच्या शोधातच होता. 1940 मध्ये ‘यौम सईद’ म्हणजे ‘आनंदाचा दिवस’ आला आणि अब्देल वहाबसारख्या गायकासमोर ही चिमुरडी लक्षात राहिली. करीमनं तिच्याशी करार करून टाकला. 1944 मध्ये कैरोत अभिनयाची संस्था निघाली तेव्हा ती तिथं दाखल झाली. पुढं रंगभूमीचा दिग्गज युसूफ वहबी यानं तिला ‘मलाक अल-रहमा’त घेतलं आणि दुःखी, भाबड्या, अन्याय मुकाट्यानं गिळणाऱ्या मुलीचा साचा पक्का झाला. त्यानंतरची काही वर्षं तिनं तो साचा इमानेइतबारे भरला. त्यातले बरेच चित्रपट आज बघवत नाहीत.

ज्या धंद्यात ती वाढली त्याचा विस्तार मात्र ध्यानात घ्यायला हवा. तलअत हर्ब नावाच्या उद्योजकानं 1920 मध्ये बँक मिस्र काढली ती देशी भांडवलावर देशी उद्योग उभे करायला. कापडगिरण्या काढल्या, आणि त्याच धोरणातून 1935 मध्ये स्टुडिओ मिस्र उभा केला. म्हणजे सिनेमा हा तिथं राष्ट्रउभारणीच्या हिशेबातला उद्योग होता. तिथून निघालेली रिळं मोरोक्कोपासून इराकपर्यंत जात आणि त्यांच्याबरोबर कैरोची बोली जाई. त्यामुळं कैरोतल्या एखाद्या नटीची अब्रू ही काही तिच्या एकटीची नसे. कासाब्लांकापासून बगदादपर्यंतच्या घराघरांतून तिच्यावर नजर असे.

1952 मध्ये ‘अल-उस्ताझा फातमा’ आला. त्यात ती वकील आहे. होणाऱ्या नवऱ्याला तिनं वकिली केलेली नको आहे, आणि शेवटी त्याच्यावरच खुनाचा आळ येतो तेव्हा त्याला सोडवते ती हीच. चित्रपट हलकाफुलका आहे, युक्तिवाद बाळबोध. पण आदल्याच वर्षी दोरिया शफीक दीडेक हजार बायकांना घेऊन इजिप्तच्या संसदेत घुसली होती आणि बायकांना मताचा हक्क मिळायला 1956 उजाडायचं होतं. अशा दिवसांत लोकांच्या लाडक्या गरीब गाईनं काळा झगा चढवून न्यायालयात उभं राहावं, ही गोष्ट मला बारीक वाटत नाही.

मग ते चुंबन. युसूफ शाहीन या तरुण दिग्दर्शकाच्या ‘सिरा फि अल-वादी’त 1954 मध्ये तिच्यासमोर एक कोरा नट होता, मिशेल शलहूब, अलेक्झांड्रियाच्या व्हिक्टोरिया कॉलेजात शिकलेला, ख्रिस्ती घरातला. पुढं जगानं त्याला उमर शरीफ म्हणून ओळखलं. चित्रपट वरच्या इजिप्तमधल्या उसाच्या पट्ट्यातला: पाशाची मुलगी आणि शेतकी इंजिनिअर, फासावर गेलेला निरपराध बाप, शेवटचा पाठलाग कर्नाकच्या मंदिरातल्या अजस्र खांबांमधून. इजिप्तच्या पडद्याला चुंबनाचं वावडं नव्हतं, इतर नट्या असे प्रसंग करत. फातेन करत नसे. इथं तिनं केलं, जखमी नायकावर ओणवून, आणि वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं. दिग्दर्शक एझ्झेद्दीन झुल्फिकारशी तिचं लग्न त्याच साली मोडलं. 1955 मध्ये मिशेलनं इस्लाम स्वीकारला आणि दोघांचं लग्न झालं. गुंठेवारीतलं बांधकाम मागाहून नियमित करून घ्यावं तसं ते चुंबन लोकांनी लग्नाच्या दाखल्यावर पास करून टाकलं. पण त्यानिमित्तानं तिला एक गोष्ट उमगली असावी असं मला वाटतं. लोकांनी तिच्यावर जो विश्वास टाकला होता तो थोडा ताणला तर तुटत नव्हता.

तो किती ताणता येतो हे तिनं पुढच्या दहा वर्षांत पाहिलं. सलाह अबू सैफच्या ‘ला अनाम’मध्ये ती बापाचा संसार मोडणारी मत्सरी मुलगी झाली. त्यातल्या पात्राचं नाव नादिया लुत्फी. गंमत अशी की थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका नवोदित नटीनं तेच नाव घेतलं आणि ती त्याच नावानं तारका झाली. 1959 मध्ये हेन्री बरकातनं ताहा हुसेन यांच्या कादंबरीवर ‘दुआ अल-करवान’ केला. करवान म्हणजे रात्री माळावर ओरडणारा करवानक पक्षी. वाट चुकलेल्या हनादीला तिचाच मामा रात्रीच्या वाटेवर, आई आणि बहिणीच्या डोळ्यांदेखत मारतो. धाकटी आमना सूड घ्यायला हनादीला नादी लावणाऱ्या इंजिनिअरच्या घरी मोलकरीण म्हणून राहते आणि जिथं विष कालवायचं तिथंच जीव गुंतवून बसते. आमना हा फातेनच्या अभिनयातला पहिला पूर्ण चेहरा. ती मान खाली घालून बोलते आणि आवाज कधी चढवत नाही. भोवतालच्या मेलोड्रामात सगळे छाती पिटत असताना ती स्वतःला आवरून धरते, आणि त्या आवरण्यातूनच प्रेक्षकाला कळतं की आत काय खदखदतं आहे. कादंबरीचा शेवट वेगळा आहे. चित्रपटात मामाच्या गोळीनं इंजिनिअर मरतो, म्हणजे हिशेब चुकता होतो. ताहा हुसेन यांनी तसा हिशेब चुकता केला नव्हता आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं. तो चित्रपट पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला.

1960 चा ‘नहर अल-हुब’ हा टॉलस्टॉयच्या ॲना कारेनिनाचा कैरोतला अवतार. नायिका फातेन, प्रियकर तिचा तेव्हाचा नवरा उमर शरीफ, आणि दिग्दर्शक तिचा आधीचा नवरा झुल्फिकार. एवढ्या संयमानं एकत्र काम केलेलं त्रिकूट सिनेमाच्या इतिहासात फारसं नसेल. त्यातला पाशा नवरा घटस्फोट देत नाही आणि नायिका रुळांवर जाते. हा घटस्फोटाचा धागा पंधरा वर्षांनी पुन्हा हाती येणार आहे, तेव्हा तो इथंच ठेवतो.

‘अल-हराम’ 1965 चा. दिग्दर्शक पुन्हा बरकात, कादंबरी युसूफ इद्रीसची. इद्रीस पेशानं डॉक्टर, आणि खेड्यातली गरिबी त्याला पुस्तकातून ठाऊक झालेली नव्हती. त्याचा विषय आहे ‘तराहील’ मजूर. बड्या जमीनदारांच्या कापसावर किडीचा हंगाम आला की मुकादम दूरदूरच्या गावांतून माणसं गोळा करून आणत. पानांवरची अळी हातानं वेचायची, उन्हात दिवसभर वाकून, मुकादमाच्या छडीखाली, आणि रात्री गोठ्याशेजारी पथारी टाकायची. इस्टेटीवरचे कायमचे शेतकरी स्वतः गरीबच, पण हे परके मजूर म्हणजे माणसांतच जमा नाहीत असं ते धरून चालत.

एके सकाळी कालव्याकाठी एका झाडाखाली मेलेलं अर्भक सापडतं. इस्टेटीचा मामूर, म्हणजे देखरेख करणारा अधिकारी, पापीण शोधायला निघतो. ही भूमिका झाकी रुस्तमची. सगळं गाव कुजबुजायला लागतं. हेडक्लार्कला स्वतःच्याच मुलीचा संशय येतो आणि तो मनातल्या मनात झुरत राहतो. शेवटी कळतं की बाई गावातली नाहीच, मजुरांतली आहे, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटतं. इद्रीसच्या तिरकस नजरेची खरी कमाल या सुटकेच्या निःश्वासात आहे. आणि मग हळूहळू, तापानं फणफणलेली ती बाई, फातेनची अझीझा, गोठ्याशेजारच्या सावलीत पडून असताना, त्याच गावाच्या मनात लाज उतरू लागते.

अझीझाची गोष्ट एका रताळ्यापासून सुरू होते. आजारी नवऱ्याला, अब्दल्लाला, रताळं खावंसं वाटतं. ती कापणी झालेल्या मळ्यात जाते आणि उकरत बसते. मळेवाल्याचा मुलगा येतो, तिला उकरू लागतो, आणि मग तिला धरतो. कादंबरीत हा प्रसंग इद्रीसनं मुद्दाम धूसर ठेवलेला आहे. जबरदस्ती आहे यात शंका नाही, पण अझीझा स्वतःलाच विचारत राहते की आपण पुरता प्रतिकार केला का. हा प्रश्न पडद्यावर आणणं म्हणजे विस्तवाशी खेळ. 1965 च्या कैरोत एखाद्या थिरकत्या, मादक म्हणून गाजलेल्या नटीनं ही भूमिका केली असती, हिंद रुस्तमनं समजा, तर थिएटरातला निम्मा प्रेक्षक उत्तर आधीच ठरवून बसला असता. हिंद रुस्तम कमी दर्जाची नटी होती असं नव्हे. शाहीनच्या ‘बाब अल-हदीद’मधली तिची शीतपेयं विकणारी बाई आजही थक्क करते. पण प्रेक्षकानं तिच्या देहावर निकाल आधीच लिहून ठेवला होता. फातेनच्या बाबतीत त्याला तसं करता येत नव्हतं. पंचवीस वर्षं ज्या पोरीला त्यानं निर्दोष मानलं तिच्याच तोंडून अझीझाची शंका ऐकायची, म्हणजे दोष बाईवर ढकलायची सोय उरत नाही.

बाळंतपणाचा प्रसंग पाहा. रात्र, कालव्याची कड. आवाज बाहेर पडला तर मुकादम जागा होईल, काम जाईल, नवऱ्याचं औषध जाईल. ती झाडाची फांदी दातात घट्ट धरते. चेहरा घामानं चिंब, डोळे भोवती कुणी आहे का ते बघताहेत आणि त्याच वेळी शुद्ध हरपत चालल्यासारखे फिरताहेत. मूल रडतं. ती त्याचं तोंड दाबते, गप्प करायला, आणि ते गप्प होतं. फातेननं इथं हंबरडा फोडलेला नाही. सकाळी बाकीच्या बायकांच्या रांगेत ती कपाशीवर वाकलेली असते. मला वाटतं, आधीच्या चित्रपटांत ढाळलेली सगळी आसवं हा प्रसंग कोरड्या डोळ्यांनी करता यावा म्हणून तिनं सरावाला घेतली होती. पुढं तापाच्या भरात अझीझा बरळते तेव्हा तिच्या बोलण्यात पुरुष येत नाही, पाप येत नाही, रताळं येतं.

या भूमिकेवर एक आक्षेप घेता येतो आणि तो मला मान्य आहे. शेतमजुराच्या बाईच्या चेहऱ्यावर शहरी मध्यमवर्गाची जी एक नेटकी छटा राहते ती फातेनला पुरती पुसता आली नाही. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. निष्कलंक नटीच्या पुण्याईवर पीडितेसाठी सहानुभूती मिळवायची, तर जी निष्कलंक नाही तिचं काय? बळी पडलेली बाई आधी साध्वी असली पाहिजे ही अट त्यातून नकळत पक्की होते. इद्रीसला हे कळत असावं. कादंबरीच्या शेवटी ते झाड नवसाला पावणारं होतं, मूल न होणाऱ्या बायका त्याची पानं न्यायला लागतात, म्हणजे जिला जिवंतपणी छडी मिळाली तिची मेल्यावर पूजा बांधली जाते. हा शेवट भाविकपणे वाचायचा की कडवटपणे, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी कडवटपणे वाचतो. चित्रपट 1965 च्या कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

त्यानंतर ती देश सोडून गेली. 1966 ते 1971 ही वर्षं तिची बैरूत आणि लंडनमध्ये गेली. नासेरच्या राजवटीत गुप्तचर खात्याला नामवंत लोक हाताशी हवे होते. तिच्यावरही दबाव आला, तिनं मान तुकवली नाही आणि राहणं अवघड झालं. नासेरनं तिला राष्ट्रीय ठेवा म्हटल्याचं आणि परत आणायला लेखक-पत्रकारांना गळ घातल्याचं सांगतात. ती परतली ती नासेरच्या मृत्यूनंतरच. मधल्या काळात उमर शरीफ हॉलिवूडचा झाला होता. दोघं 1966 मध्येच वेगळी झाली, कागदोपत्री घटस्फोट 1974 चा. तिच्याइतकं आपण कुणावर प्रेम केलं नाही असं तो आयुष्यभर सांगत राहिला. ती त्याविषयी फार बोलत नसे, आणि दुसऱ्याच वर्षी तिनं एका डॉक्टरशी लग्न केलं, ते शेवटपर्यंत टिकलं.

आता तो घटस्फोटाचा धागा. 1975 मध्ये सईद मरझूकचा ‘उरीदु हल्लन’, म्हणजे ‘मला तोडगा हवा’, आला. गोष्ट पत्रकार हुस्न शाह हिची. नायिका दुर्रिया वीसेक वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला सोडू बघते. नवरा रुश्दी अबाझा, रुबाबदार आणि निगरगट्ट. त्याला कारण द्यावं लागत नाही, तो एका शब्दात मोकळा होऊ शकतो. तिला मात्र छळ सिद्ध करायचा आहे. 1920 आणि 1929 च्या कायद्यांनी बायकांना न्यायालयात जायची वाट दिली होती खरी, पण ती वाट साक्षीदारांवरून जाई, आणि साक्षीदार विकत मिळत. चित्रपटाचा मोठा भाग न्यायालयाच्या बोळात जातो. बाकांवर दाटीनं बसलेल्या बायका, पुढची तारीख, पुन्हा पुढची तारीख, फायलींचे गठ्ठे, कंटाळलेले कारकून. त्यातच अमीना रिझ्क आहे, म्हातारपणी नवऱ्यानं काढून टाकलेली, जेमतेम वर्षभराची पोटगी संपली की रस्त्यावर येणारी. दुर्रिया सुखवस्तू घरातली, शिकलेली, परदेशी भाषा बोलणारी. तिची प्रतिष्ठा त्या बोळात हळूहळू सोलून निघते आणि फातेन ते फार बारकाईनं दाखवते: सुरुवातीला ती बाकावर बसायलाही कचरते, पुढं त्याच बाकावर ती त्या बायकांमधली एक होऊन जाते. वर्षं जातात. खोट्या साक्षींवर ती खटला हरते.

या चित्रपटामुळं इजिप्तचा कायदा बदलला असं सर्रास लिहिलं जातं. इतकं सरळ नाही ते. मागणी जुनी होती, मांडणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या झिजल्या होत्या. 1979 मध्ये राष्ट्राध्यक्ष सादातनं संसदेचं अधिवेशन नसताना वटहुकूम काढून 44 क्रमांकाचा कायदा आणला, त्यामागं त्याची बायको जेहान होती, आणि लोक त्याला जेहानचाच कायदा म्हणत. 1985 मध्ये घटना न्यायालयानं तो काढण्याच्या पद्धतीवर बोट ठेवून रद्द केला. महिना-दोन महिन्यांत थोडा सौम्य करून 100 क्रमांकाचा कायदा आला. आणि नवऱ्याची संमती नसली तरी आपले आर्थिक हक्क सोडून मोकळं होण्याची, खुल्अची वाट बाईला मिळाली ती थेट 2000 मध्ये. दुर्रियाला हवा असलेला तोडगा पंचवीस वर्षांनी, तोही किंमत मोजून. चित्रपटानं केलं ते इतकंच की न्यायालयाच्या बोळातली ती बाई कोण, हा प्रश्न आला की सगळ्या देशाच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा यायला लागला, आणि तो चेहरा सय्यिदेचा होता. त्याला चवचाल म्हणणं मौलवींनाही जड गेलं असणार.

राहिलेली पुंजी तिनं 1988 मध्ये खर्चली. खैरी बिशारा हा ऐंशीच्या दशकातल्या नव्या वास्तववादी फळीतला दिग्दर्शक, स्टुडिओ सोडून कैरोच्या गल्ल्यांत कॅमेरा नेणारा. त्याच्या ‘यौम मुर्र यौम हिल्व’ म्हणजे ‘एक दिवस कडू, एक दिवस गोड’मध्ये ती शुब्रा भागातली विधवा आयेशा आहे, पदरी मुलं, डोक्यावर कर्ज. इथं तिचं पात्र फक्त सोसत नाही, दुसऱ्यांना सोसायलाही लावतं. पोरींची लग्नं ती आकडेमोड करून ठरवते, नको तो जावई घरात घेते, आणि घर कोसळतं त्यात तिच्या हट्टाचाही वाटा असतो. आयुष्यभर जिनं बळीची भूमिका केली ती इथं बळी देणाऱ्यांत येते, तेही मायेपोटी, गरिबीपोटी. पन्नाशी उलटलेल्या, सर्वमान्य झालेल्या नटीला हे करायची काही गरज नव्हती. चाहत्यांना ही आयेशा फारशी आवडत नाही. माझ्या मते ती अझीझाच्या तोडीची आहे, आणि एका बाबतीत पुढची, कारण तिला सहानुभूती मिळवून द्यायला चारित्र्याचा आधार घेतलेला नाही.

1993 चा दाऊद अब्देल सैयदचा ‘अर्द अल-अहलाम’ हा तिचा शेवटचा चित्रपट, आणि तो चक्क विनोदी अंगाचा आहे. मुलांच्या आग्रहाखातर अमेरिकेला निघालेली नर्गिस नववर्षाच्या आदल्या रात्री पासपोर्ट हरवून बसते आणि एका जादूगाराच्या संगतीत कैरोभर भटकते. जायचं तिच्या मनातच नाही, हे आपल्याला तिच्याआधी कळतं. नंतर दूरदर्शन मालिका, सन्मान, 1999 मध्ये कैरोच्या अमेरिकन विद्यापीठाची मानद डॉक्टरेट. इजिप्तच्या सिनेमाची शंभरी 1996 मध्ये साजरी झाली तेव्हा समीक्षकांनी निवडलेल्या दीडशे चित्रपटांत तिचे 18 होते. 17 जानेवारी 2015 ला ती कैरोत गेली. उमर शरीफ त्याच वर्षी जुलैमध्ये.

कुणी विचारलं की तिचं काय बघावं, तर लोक आधी उमर शरीफबरोबरचे प्रेमपट सुचवतात. सुंदर आहेत ते, गाणी-बिणी, नाईलवरचं चांदणं. पण मी म्हणेन आधी ‘अल-हराम’ बघा, मग आयेशा, आणि मग वेळ उरला तर तरुणपणचे ते अश्रुपट. उलट क्रमानं बघितलं तर पहिल्या दोन-तीन चित्रपटांतच कंटाळून माणूस उठेल, आणि अझीझापर्यंत पोचणारच नाही.